जालन्याची गाडी जिथे थांबते, तिथल्या दगडांत युरोपचं कोणतं भांडण दडलंय?

रात्री जालन्यात देवगिरी एक्स्प्रेस पकडायची, सकाळी डोळे चोळत सीएसएमटीला उतरायचं, बॅग खांद्यावर टाकायची आणि मंत्रालय, टाटा हॉस्पिटल किंवा इंटरव्ह्यू जिथे असेल तिकडे पळायचं. जालन्यातल्या हजारो लोकांची मुंबईशी ओळख ही एवढीच. त्यातही लांब पल्ल्याच्या गाडीने आलेला माणूस १८ नंबरच्या बाजूने पी. डिमेलो रोडला बाहेर पडला, तर त्याला स्टेशनची जुनी इमारत दिसतच नाही. मी स्वतः इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आणि नंतर नोकरीच्या शोधात किमान वीस वेळा असाच बाहेर पडलो असेन.

एकदा परतीची गाडी तीन तास लेट होती. वेळ घालवायचा म्हणून समोरच्या फुटपाथवर जाऊन मान वर केली. दगडात कोरलेली माकडं, मोर, वेली, पानं, झुकून बघणारे विचित्र प्राणी. एकही पान दुसऱ्यासारखं नाही. इंजिनिअरच्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो खर्चाचा: एकच साचा करून हजार पानं ओतता आली असती, मग हा उद्योग कशासाठी?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की आपण थेट १९व्या शतकाच्या उत्तरार्धातल्या युरोपात पोहोचतो. तिथे तेव्हा याच प्रश्नावर मोठं भांडण चालू होतं. वस्तू मशीननं करायची की हातानं? नक्षी हवी की नको? आणि ती करणाऱ्या माणसाचं काय? या भांडणातून ज्या कलाचळवळी उभ्या राहिल्या, त्यातल्या काहींचे धागे मुंबईत आहेत, काहींचे अजिंठ्यात आणि थोडे आपल्या जालन्याच्या एमआयडीसीतही आहेत.

भांडण सुरू कुठून झालं?

१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये एक जंगी प्रदर्शन भरलं. त्यासाठी लोखंड आणि काचेची एक प्रचंड इमारत उभारली होती, तिला लोक क्रिस्टल पॅलेस म्हणायला लागले. जगभरातला माल तिथे मांडला होता आणि मुख्य आकर्षण होतं ब्रिटनच्या कारखान्यांमधला माल.

अडचण अशी होती की यातला बराचसा माल दिसायला भयानक होता. मशीनला नक्षी स्वस्तात जमायला लागली होती, त्यामुळे सगळ्यावरच नक्षी. खुर्चीवर सिंह, घड्याळावर देवदूत, गालिच्यावर इतकी खरी फुलं की पाय ठेवायला माणूस बिचकावा. व्हॉट्सअॅपवरच्या ‘शुभ सकाळ’ फोटोंवर जसे गुलाब, कबुतरं आणि सूर्य एकदम येतात, साधारण तसाच प्रकार.

याच प्रदर्शनात भारताचंही दालन होतं. तिथली कापडं, शाली आणि धातूकाम पाहून इंग्लंडच्या डिझाइनवाल्यांना धक्का बसला. ज्यांना आपण मागासलेले समजतो त्यांच्या कापडावरचे रंग आणि आकार आपल्यापेक्षा कितीतरी सरस कसे? ओवेन जोन्स नावाच्या आर्किटेक्टनं १८५६ मध्ये जगभरच्या नक्षीकामाचा एक मोठा ग्रंथ काढला, त्यात भारतीय नक्षीला मानाची जागा दिली.

विल्यम मॉरिस तेव्हा १७ वर्षांचा होता. घरच्यांबरोबर तो प्रदर्शनाला गेला खरा, पण आत पाऊल टाकायला त्यानं नकार दिला आणि बाहेरच बसून राहिला, असं सांगतात. पुढे हाच मुलगा ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ चळवळीचा सर्वांत मोठा चेहरा झाला.

आर्ट्स अँड क्राफ्ट्स म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर चित्रकार आणि सुतार यांच्यातली भिंत पाडायची चळवळ. चित्र तेवढं मोठं आणि खुर्ची, पडदा, भांडं, पुस्तकाची बांधणी हे हलकं काम, ही उतरंड या मंडळींना मान्य नव्हती.

यामागचा विचार होता जॉन रस्किन या लेखकाचा. १८५० च्या दशकात व्हेनिसच्या इमारतींवर लिहिताना त्यानं एक मुद्दा मांडला. जुन्या गॉथिक चर्चमधली पानं-फुलं वेडीवाकडी आहेत, कारण ती कोरणाऱ्या पाथरवटाला स्वतःच्या मनानं कोरायची मोकळीक होती. सगळी पानं हुबेहूब सारखी हवी असतील, तर आधी माणसाचं मशीन करावं लागतं. सीएसएमटीच्या प्रत्येक पानाचा आकार वेगळा का, याचं उत्तर हे आहे.

मॉरिसनं हा विचार धंद्यात उतरवला. १८६१ मध्ये त्यानं मित्रांबरोबर कंपनी काढली आणि वॉलपेपर, रंगीत काचा, फर्निचर, छापील कापड असं सगळं करायला सुरुवात केली. चळवळीला नाव मात्र बऱ्याच उशिरा मिळालं, १८८७ मध्ये, तिच्या प्रदर्शन संस्थेच्या निमित्तानं.

मॉरिस नुसता कागदावर डिझाइन काढून थांबत नसे. १८७० च्या दशकात इंग्लंडात रासायनिक रंगांचा सुळसुळाट होता आणि ते रंग उन्हात उडायचे. त्याला हवी होती नीळ, तीच आपली जुनी नीळ. ती शिकायला तो थॉमस वॉर्डल नावाच्या रंगाऱ्याच्या कारखान्यात जाऊन हौदात हात घालून बसला. महिनोन् महिने हात निळे. त्यातून पुढे १८८३ मध्ये त्याचं ‘स्ट्रॉबेरी थीफ’ हे प्रसिद्ध कापड आलं, ज्यात पक्षी स्ट्रॉबेरी चोरताना दिसतात. आज ते तुम्हाला मोबाइल कव्हरवरही मिळेल.

वॉर्डलचा विषय निघालाच आहे तर एक जोड. हा माणूस भारतातल्या जंगली रेशमाच्या, म्हणजे टसरच्या मागे लागला होता. टसरवर रंग चढत नाही अशी तक्रार असायची, ती अडचण त्यानं बरीचशी सोडवली आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात ते कापड मांडलं. आज जालन्याच्या बाजार समितीत रेशीम कोषांचा बाजार भरतो, तिथला माल तुतीच्या रेशमाचा, टसरचा नाही. पण धाग्यावर रंग कसा बसेल ही डोकेदुखी दीडशे वर्षांपूर्वी लंडनच्या ड्रॉइंगरूमपासून भारतातल्या जंगलापर्यंत एकच होती.

मग हे मुंबईत कोणी आणलं?

इथे एक नातं उपयोगी पडतं: साडूचं.

मॉरिसचा जिवलग मित्र आणि कंपनीतला भागीदार होता चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स. त्याच्या बायकोचं नाव जॉर्जियाना. तिची बहीण अॅलिस, आणि अॅलिसचा नवरा जॉन लॉकवुड किपलिंग. हे किपलिंग १८६५ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षक म्हणून आले. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांना मुलगा झाला, तो म्हणजे ‘जंगल बुक’वाला रुडयार्ड किपलिंग. मुलगा जगप्रसिद्ध झाला आणि वडील मागे पडले, पण आपल्या विषयात वडीलच महत्त्वाचे.

जे.जे. १८५७ मध्ये सुरू झालं, सर जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून. किपलिंगबरोबर आणखी दोन जण आले होते. जॉन ग्रिफिथ्स रंगकाम आणि सजावट शिकवणार, हिगिन्स लोखंडकाम शिकवणार आणि किपलिंगकडे मूर्तिकाम व कोरीवकाम. आर्ट स्कूलमध्ये लोहारकामाची कार्यशाळा, हीच मुळात नवी कल्पना होती.

किपलिंगच्या हातचं काम बघायचं असेल तर क्रॉफर्ड मार्केटला जा. विल्यम इमर्सननं आराखडा केलेल्या या मार्केटच्या दारावर किपलिंगनं दगडात शेतकरी कोरले आहेत. देव नाहीत, राजा-राणी नाही, शेतात राबणारी माणसं आणि बाजारात माल आणणारे लोक. कुर्ल्याची लोकल पकडायच्या घाईत त्या दाराखालून रोज हजारो माणसं जातात आणि वर त्यांच्याच पणजोबांसारखे दिसणारे लोक कोरलेले असतात.

सीएसएमटी त्यानंतरची. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचं डिझाइन, १८७८ मध्ये काम सुरू, १८८८ मध्ये पूर्ण, खर्च तेव्हाचे सुमारे १६ लाख रुपये. इमारतीची शैली गॉथिक, म्हणजे रस्किनच्या आवडीची. कोरीवकामात, लोखंडी जाळ्यांमध्ये आणि रंगीत सजावटीत ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे.जे.च्या विद्यार्थ्यांचा मोठा हात होता. लोकलच्या तिकीट खिडक्या आहेत त्या हॉलला ‘स्टार चेंबर’ म्हणतात. तिकिटाच्या रांगेत उभं राहिल्यावर मोबाइलमध्ये बघण्याऐवजी छत बघितलं की नाव का पडलं ते कळतं. २००४ मध्ये युनेस्कोनं या इमारतीला जागतिक वारसा म्हटलं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. कारागिराला मान द्या म्हणणाऱ्या रस्किनला भारतीयांबद्दल काडीचंही प्रेम नव्हतं. १८५७ च्या उठावानंतर त्यानं भारतीय कलेवर अत्यंत कडवट टीका केली होती. म्हणजे सिद्धांत मुक्त कारागिराचा आणि तो जिथे अंमलात आला त्या मुंबईत विद्यार्थ्यांनी काय कोरायचं हे ठरवणारे साहेब. बहुतेक हातांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत.

अजिंठ्याचा यात काय संबंध?

आता आपल्या भागाकडे येऊ. जालन्याहून राजूर, भोकरदन, सिल्लोड करत गेलं की अजिंठा. १९८१ पर्यंत जालना औरंगाबाद जिल्ह्यातच होतं, त्यामुळे आमच्या आजोबांच्या पिढीला अजिंठा म्हणजे ‘आपल्या जिल्ह्यातलं’. तेव्हा तर सगळाच मुलूख निजामाचा.

१८१९ मध्ये मद्रास घोडदळातल्या जॉन स्मिथ नावाच्या अधिकाऱ्याला शिकारीच्या नादात लेणी दिसली. त्यानं १० नंबरच्या लेण्यात खांबावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरून ठेवली. गडावर ‘पप्पू लव्ह पिंकी’ लिहिणाऱ्यांचा हा मूळ पुरुष म्हणायला हरकत नाही. पण लेण्यांची चित्रं बाहेरच्या जगाला दाखवायची तर नकला काढणं हाच मार्ग होता.

पहिला मोठा प्रयत्न रॉबर्ट गिल यांचा. हेही मद्रास लष्करातले. १८४४ पासून पुढे जवळपास वीस वर्षं ते अजिंठ्यात राहून तैलरंगात मोठमोठे कॅनव्हास रंगवत होते. त्यांची आणि पारोची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, तिच्यावर सिनेमाही झाला, त्यामुळे इथे ती बाजूला ठेवतो. गिल यांची चित्रं लंडनला पाठवली गेली आणि मांडली कुठे? त्याच क्रिस्टल पॅलेसमध्ये, जो तोवर हाइड पार्कमधून हलवून सिडनॅमला पुन्हा उभारला होता. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली. मोजकी चित्रं सोडली तर वीस वर्षांचं काम जळून गेलं.

मग १८७२ मध्ये मुंबई सरकारनं हे काम जे.जे.च्या ग्रिफिथ्सना दिलं. दरवर्षी हिवाळ्यात ते विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला यायचे. मनमाड-जालना-हैदराबाद ही आपली रेल्वे तेव्हा नव्हती, ती आली १९०० मध्ये. डोंगराच्या पोटात मुक्काम, लेण्यांत अंधार, वटवाघळं, आणि भिंतीवरचं अर्धवट पुसलेलं चित्र डोळे ताणून बघत कॅनव्हासवर उतरवायचं. पेस्तनजी बोमनजी हे या तुकडीतले सर्वांत नावाजलेले. पुढे ते व्यक्तिचित्रांसाठी मुंबईत प्रसिद्ध झाले.

हे १३ वर्षं चाललं. सुमारे ३०० कॅनव्हास तयार झाले. काही तर तीन मीटर बाय सहा मीटर, म्हणजे आपल्या टू-बीएचकेच्या हॉलमध्ये उलगडणार नाहीत एवढे.

आणि मग १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला गोदामात पुन्हा आग लागली. शंभरावर चित्रं गेली.

दोन वेळा नकला काढल्या, दोन्ही वेळा त्या सातासमुद्रापार नेल्या आणि दोन्ही वेळा जळाल्या. मला हे पहिल्यांदा वाचताना कोणीतरी रचलेली गोष्ट वाटली होती. बॅकअप एकाच सर्व्हरवर ठेवू नये, हे आम्हाला दुसऱ्या सेमिस्टरला शिकवतात.

ग्रिफिथ्सनं १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा मोठा ग्रंथ काढला म्हणून निदान जळालेल्या कामाचा काही भाग छापील रूपात राहिला. गिल आणि ग्रिफिथ्स मिळून जे वाचलं ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. १६६ चित्रं. १९५५ नंतर ती कायमस्वरूपी मांडणीत नाहीत, गोदामात गुंडाळून आहेत. २००६ मध्ये त्यातल्या साधारण निम्म्यांवर संवर्धनाचं काम हाती घेतलं गेलं.

याची दुसरी बाजू जास्त बोचरी आहे. भिंतीवरचं चित्र नीट दिसावं म्हणून नकला काढणाऱ्यांनी मूळ चित्रांवर व्हार्निशचा हात दिला. दीड हजार वर्षं टिकलेल्या रंगावर हा थर पुढे पिवळा पडला, काळवंडला, आणि रंगाचे पोपडे निघायला कारण झाला. म्हणजे ज्या कामामुळे अजिंठा जगाला कळला, त्याच कामानं अजिंठ्याला इजा केली. आज भिंतीवरून गेलेले काही तपशील फक्त लंडनच्या कॅनव्हासवर दिसतात आणि मुळातल्या रंगाची ताकद फक्त भिंतीवर.

अजिंठ्याच्या या नक्षीचं जे.जे.त पुढे काय झालं हेही मजेशीर आहे. जॉर्ज टेरी या शिक्षकानं तिथे मातीच्या भांड्यांची भट्टी सुरू केली होती. सिंधच्या कुंभारांची चकाकी आणि अजिंठ्याच्या छतावरची कमळं-हंस यांची भेळ करून फुलदाण्या बनायच्या आणि विलायतेत विकल्या जायच्या.

त्यानंतरची फेरी १९०९ ते १९११ ची. ख्रिस्टियाना हेरिंगहॅम ही इंग्लिश चित्रकार आली, जिनं अंड्याच्या बलकात रंग कालवण्याची युरोपातली जुनी पद्धत पुन्हा रुजवायला मदत केली होती, म्हणजे आर्ट्स अँड क्राफ्ट्सच्याच घरातली. तिच्याबरोबर बंगालचे तरुण नंदलाल बोस, असितकुमार हलदार आणि हैदराबादचे सय्यद अहमद होते. या वेळी नक्कल करणाऱ्या मुलांपैकीच काही पुढे भारतीय कलेचे मोठे आवाज झाले. ग्रिफिथ्सच्या मुलांना ती संधी क्वचितच मिळाली.

वेलीसारखं वाकलेलं लोखंड

आता जालन्याच्या खऱ्या विषयाकडे: लोखंड.

१८९० च्या दशकात युरोपात दुसरी लाट आली, ‘आर्ट नूव्हो’ म्हणजे नवी कला. हे नाव १८९५ मध्ये पॅरिसला उघडलेल्या सॅम्युअल बिंगच्या दुकानावरून रुळलं. मॉरिसची मंडळी मशीनवर रुसलेली होती. आर्ट नूव्होवाले म्हणाले, लोखंड आणि काच आता आलंच आहे, तर लपवायचं कशाला? त्यालाच सुंदर करू.

१८९३ मध्ये ब्रसेल्समध्ये व्हिक्टर होर्तानं एका प्राध्यापकासाठी घर बांधलं. जिन्याजवळ लोखंडी खांब उघडा, आणि त्याच्या टोकाला लोखंड कारल्याच्या वेलीसारखं वळत गेलेलं. तोच वळसा भिंतीवर रंगात, तोच फरशीवर, तोच कठड्यावर. १९०० मध्ये पॅरिसच्या मेट्रोची दारं आली, हेक्टर गिमारची, कळ्यांसारखे दिवे आणि देठांसारखे खांब. गंमत म्हणजे ही दारं ओतीव लोखंडाची, साच्यातून काढलेली. नक्षी हाताची वाटते, उत्पादन कारखान्याचं.

आणि त्याच दशकात, १८९२ मध्ये, फ्रान्समध्ये फ्रान्स्वा एनबिकनं काँक्रीटमध्ये सळई घालून बांधायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. जालन्याच्या एमआयडीसीचं पोट ज्या वस्तूवर चालतं, तिची ही सुरुवातीची पावलं. माझे मामा रोलिंग मिलमध्ये आहेत. भंगार भट्टीत वितळतं, बिलेट ओतलं जातं, लाल तापलेली सळई रोलमधून सापासारखी पळत येते, पाण्याच्या फवाऱ्यात शिरते आणि थंड होऊन मंचावर पडते. लहानपणी मला सळईवरच्या उंचवट्याच्या रेषा नक्षी वाटायच्या. मामा हसायचे. त्या रिब्ज असतात, काँक्रीटला पकड मिळावी म्हणून.

१८९६ मध्ये शिकागोच्या लुई सलिव्हन या आर्किटेक्टनं मांडलं की वस्तूचं रूप तिच्या कामातून ठरावं. सळईच्या रिब्ज याचं इतकं चोख उदाहरण आहे की आमच्या डिझाइनच्या सरांनी ते का वापरलं नाही याचं मला नवल वाटतं. पुढच्या पिढीनं हा विचार टोकाला नेला आणि नक्षीच नको म्हणाली. सळई आणि काँक्रीटनं त्यांना साथ दिली. आज आपल्या शहरातली नवी कॉम्प्लेक्स चौकोनी, सपाट आणि एकसारखी दिसतात, ती वाट तिथून निघते. जालन्याची सळई त्या इमारतींच्या पोटात आहे, दिसत मात्र कुठेच नाही.

आणि ते इम्प्रेशनिस्ट?

युरोपची १९व्या शतकातली कला म्हटलं की बहुतेकांना मोने, रन्वार, व्हॅन गॉग आठवतात. १८७४ मध्ये पॅरिसला नादार या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत या गटाचं पहिलं प्रदर्शन भरलं आणि मोनेच्या सूर्योदयाच्या चित्राच्या नावावरून एका टीकाकारानं त्यांना चेष्टेत ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हटलं. नाव चिकटलं. पण ही लाट तेव्हा मुंबईपर्यंत आली नाही. जे.जे.त शिकवलं जायचं ते हुबेहूब चित्रण.

मुंबईत आलं ते छपाईचं तंत्र. दगडावर एकेका रंगाचं चित्र काढून एकावर एक छापायचं. याच तंत्रानं १८९५ च्या जानेवारीत पॅरिसच्या भिंतींवर अल्फॉन्स मुखाची पोस्टर्स लागली. आणि त्याच्या जेमतेम वर्षभर आधी, १८९४ मध्ये, राजा रविवर्मांनी मुंबईत प्रेस काढली. मशीन जर्मन, तंत्रज्ञही जर्मन. पुढे प्रेस लोणावळ्याजवळ मळवलीला गेली आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन माणसाकडेच तिची मालकी गेली. तुमच्या आजीच्या देवघरात कमळावर उभी असलेली लक्ष्मी किंवा हातात वीणा घेतलेली सरस्वती असेल, तर ती बहुधा याच वंशातली. पॅरिसमध्ये त्या तंत्रानं नाटकाच्या नट्या घराघरांत गेल्या, आपल्याकडे देव गेले.

हातमागाची पैठणी, मशीनची पैठणी

मॉरिस आयुष्यभर एका गोष्टीनं हैराण होता. त्याला सामान्य माणसाच्या घरात सुंदर वस्तू हव्या होत्या. पण हातानं केलेली वस्तू इतकी महाग पडायची की ती फक्त श्रीमंतच घ्यायचे. शेवटच्या वर्षांत तो कट्टर समाजवादी झाला, सभा घेत फिरला, पण वॉलपेपरचे भाव काही खाली आले नाहीत. १८९६ मध्ये तो गेला.

कारागिराच्या नावानं धंदा करणारेही होतेच. लंडनचं लिबर्टी हे दुकान पूर्वेकडच्या रेशमासाठी इतकं प्रसिद्ध झालं की इटलीत आर्ट नूव्होला ‘लिबर्टी शैली’च म्हणतात. या दुकानानं १८८५ मध्ये लंडनच्या बॅटर्सीत ‘भारतीय खेडं’ उभारलं आणि त्यासाठी भारतातून ४२ जणांना नेलं. लोकांनी तिकीट काढून या कारागिरांना काम करताना बघायचं, अशी योजना. थंडीत माणसांचे हाल झाले आणि धंदाही बुडाला.

हेच कोडं आज आपल्याकडे लग्नसराईत दिसतं. गेल्या वर्षी ताईच्या लग्नाला आम्ही पैठणी घ्यायला गेलो. दुकानात दोन गठ्ठे. एकीचा भाव हजारांत, दुसरीचा त्याच्या कितीतरी पट. मोर दोन्हीवर, पदर दोन्हीला. फरक पदर उलटा केल्यावर कळतो. हातमागाच्या पैठणीत विणकर प्रत्येक रंगाचा धागा त्या त्या जागीच गुंफतो, म्हणून मोर मागूनही तसाच दिसतो. मशीनच्या पैठणीत मागे मोकळे किंवा कापलेले धागे असतात. ती विणते जॅकार्ड पद्धतीनं, ज्यात भोकं पाडलेली कार्डं कोणता धागा उचलायचा ते सांगतात. १८०४ च्या आसपासचा हा शोध पुढे कॉम्प्युटरच्या पंच कार्डांचा पूर्वज ठरला, त्यामुळे त्याला नावं ठेवायला माझी जीभ जरा अडखळते.

आईनं हिशेब केला आणि मशीनची घेतली. ताई त्यात सुंदर दिसली. हातमागाच्या विणकराला महिनोन् महिने लागतात आणि त्याची मजुरी आमच्या बजेटमध्ये बसत नव्हती, एवढं साधं गणित. मात्र दुकानदारानं ती ‘हॅंडलूम’ म्हणून खपवायचा प्रयत्न केला, तेव्हा ताईनं पदर उलटा करून दाखवला आणि भाव आणखी खाली आला.

आपल्या शहराचं नाव तर, आख्यायिका खरी मानली तर, विणकरावरूनच पडलंय. एका श्रीमंत मुसलमान व्यापाऱ्याचा मूळ व्यवसाय जुलाह्याचा, म्हणजे विणकामाचा, त्यावरून जालना. ‘जालना सोने का पालना’ म्हणताना आपल्याला स्टील आणि बियाणं आठवतं, माग आठवत नाही.

रस्किनच्या झाडाला आणखी एक फांदी फुटली होती. १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाणाऱ्या रेल्वेत गांधीजींनी रस्किनचं ‘अन्टू धिस लास्ट’ वाचलं. पुढे त्याचा गुजरातीत सारांश केला, त्याला नाव दिलं ‘सर्वोदय’. चरखा आणि खादीकडे नेणाऱ्या वाटेवरचा हा एक मोठा टप्पा. म्हणजे एकाच लेखकापासून एक रस्ता मॉरिसच्या महागड्या वॉलपेपरकडे गेला आणि दुसरा खादी भांडाराकडे.

बघायचं असेल तर

सीएसएमटीला उतरलात तर १८ नंबरकडून बाहेर न पडता लोकलच्या बाजूनं या. समोरचा रस्ता ओलांडून महापालिकेच्या इमारतीजवळ उभं राहिलं की घुमटावर मशाल घेतलेली बाई दिसते, तिचं नाव ‘प्रोग्रेस’. दारातल्या खांबांवर एकीकडे सिंह आहे, ब्रिटनचा, आणि दुसरीकडे वाघ, आपला. क्रॉफर्ड मार्केट तिथून चालत दहा मिनिटांवर.

लंडनमधल्या अजिंठ्याच्या नकला म्युझियमच्या वेबसाइटवर मोबाइलवरही बघता येतात, सर्चमध्ये अजिंठा आणि ग्रिफिथ्स ही नावं टाकायची. ते फोटो डाउनलोड करून १ नंबरच्या लेण्यात जा आणि भिंतीशी ताडून बघा. आत फ्लॅश चालत नाही आणि सोमवारी लेणी बंद असतात. आम्ही मित्र गेल्या पावसाळ्यात सोमवारीच गेलो होतो. राजूरला गणपतीचं दर्शन झालं, भोकरदनला चहा झाला, अजिंठा राहिला.